ब्लॉक काढला, तरी पंपिंग कमी का? : रक्त अडल्यावर आणि पुन्हा सुरू झाल्यावर हृदयात काय घडतं

डिसेंबर-जानेवारीत आमच्या खान्देशात शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, वर तेलाची धार, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. अशाच एका पार्टीनंतर पारोळा तालुक्यातले बावन्न वर्षांचे एक शेतकरी रात्री साडेदहाला छातीत जळजळतंय म्हणून उठून बसले. घरच्यांनी सोडा दिला. बरं वाटलं नाही म्हणून ओवा दिला, मग छातीला तेल चोळलं. घाम आला तेव्हा "आता गॅस सुटतोय" असं म्हणून सगळे जरा निवांत झाले. सकाळी साडेसहाला ते माझ्या दवाखान्यात आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मन्ही छाती दुखी ऱ्हायनी." ईसीजी काढला. हृदयविकाराचा मोठा झटका होता आणि त्याला आठ तास होऊन गेले होते.

त्यांना लगेच धुळ्याला पाठवलं. दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली, बंद रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसला. चार दिवसांनी मुलगा टू-डी इकोचा कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, ब्लॉक तर काढला ना? मग पंपिंग पस्तीस टक्केच कसं?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. मी एमबीबीएस डॉक्टर आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. अँजिओप्लास्टी मी करत नाही, ती करायला पाठवतो. पण पाठवण्याआधीचे तास आणि परत आल्यानंतरचे महिने माझ्यासमोर जातात, त्यामुळे याचं उत्तर नीट देणं माझ्याकडेच येतं. ते दोन वाक्यांत होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

शिलकीत काहीच नसलेला अवयव

हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा हृदयाच्या पेशी ऑक्सिजन वापरून तयार करतात. हे काम पेशीच्या आतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक कणांत चालतं. त्यांना पेशीचं वीजघर म्हणा. तिथे तयार होणाऱ्या ऊर्जेच्या रेणूला एटीपी म्हणतात. गंमत म्हणजे इतकं काम करणाऱ्या या अवयवाकडे एटीपीचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो. रोज मजुरी करावी आणि रोजचं दळण आणावं, असा हा संसार आहे.

दुसरी अडचण अशी की शरीरातले इतर बरेच अवयव रक्तातल्या ऑक्सिजनचा थोडाच भाग उचलतात. गरज वाढली तर त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेण्याची सोय त्यांच्याकडे असते. हृदयाचं तसं नाही. तुम्ही आरामात बसलेले असतानाही हृदय स्वतःच्या रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेत असतं. म्हणजे जिना चढताना किंवा केळीचा घड खांद्यावर घेताना हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा असेल, तर त्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे स्वतःकडे जास्त रक्त आणणं. रक्तवाहिनी अरुंद असेल तर नेमकं तेच जमत नाही. म्हणून चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते. याला अंजायना म्हणतात.

जाता जाता एक सांगतो. रक्तवाहिनी स्वच्छ असूनही हृदयाला ऑक्सिजन कमी पडू शकतो. सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन शेतात राबणाऱ्या बाया माझ्याकडे "दम लागतो" म्हणून येतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून सिकलसेलचे रुग्णही येतात. नळी उघडी आहे, पण पाण्यातच दम नाही, अशी ती स्थिती. तिचा उपाय वेगळा, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पहिली वीस मिनिटं

आता झटका म्हणजे काय ते पाहू. रक्तवाहिनीच्या आतल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि नळी बंद होते. पुढच्या काही सेकंदांत त्या भागातला ऑक्सिजन संपतो. मिनिटभरात तो भाग आकुंचन पावणंच थांबवतो. लोकांना वाटतं की तो भाग मेला. तसं नसतं. तो अजून पूर्ण जिवंत असतो. त्याने फक्त काम बंद केलेलं असतं. मिळकत थांबल्यावर शहाणा माणूस आधी खर्च थांबवतो, तसंच हे. हृदयपेशी जगण्यासाठी करत असलेली ही पहिली जुळवाजुळव.

दुसरी जुळवाजुळव म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर जाळून थोडी ऊर्जा मिळवणं. पण ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीसच्या आसपास एटीपी मिळतात, ऑक्सिजनशिवाय मिळतात फक्त दोन. वर लॅक्टिक ॲसिड साचतं आणि पेशीतली आम्लता वाढते. ही आम्लता पुढे एका वेगळ्याच ठिकाणी महत्त्वाची ठरते, तिच्याकडे परत येऊ.

पेशीच्या भिंतीवर सोडियम-कॅल्शियम आत-बाहेर करणारे पंप असतात. ऊर्जा कमी पडली की तेही मंदावतात. आधी सोडियम आत साचतं, मग त्याच्या मागोमाग कॅल्शियम. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त परत आलं तर हे सगळं पूर्ववत होतं आणि एकही पेशी मरत नाही. त्यापुढे मात्र पेशी मरायला सुरुवात होते.

आतून बाहेर सरकणारा मृत्यू

ज्यांच्याकडे केळीची ठिबक आहे त्यांना पुढचा भाग लगेच समजेल. मेनलाइनमधला दाब कमी झाला की आधी कोणती झाडं सुकतात? नळीच्या शेवटची. हृदयाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि तिथून त्यांचे फाटे स्नायूत आत शिरतात. म्हणजे हृदयाच्या पोकळीला लागून असलेला सगळ्यात आतला थर हा नळीच्या टोकाचा थर. शिवाय दर ठोक्याला सगळ्यात जास्त दाब त्याच थरावर येतो. म्हणून रक्त अडलं की मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि बाहेरच्या दिशेने सरकत जातं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे मोजून दाखवलं. रक्तवाहिनी ४० मिनिटं बंद ठेवून उघडली, तर धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेला. तीन तासांनी उघडली तर ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के. उघडलीच नाही तर ८५ टक्के. माणसाच्या हृदयात हा वेग व्यक्तीगणिक बदलतो. बाजूच्या रक्तवाहिन्यांमधून थोडं रक्त येत असेल, किंवा गाठ मधूनमधून सुटत-धरत असेल, तर वेळ जास्त मिळतो. पण दिशा तीच आणि घड्याळही तेच.

माणसांमधला पुरावा १९८६ मध्ये इटलीतून आला. गिस्सी नावाच्या या अभ्यासात ११,७०० हून अधिक रुग्ण होते आणि गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे इंजेक्शन तपासलं गेलं. सरसकट पाहिलं तर मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाले. पण ज्यांना दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात इंजेक्शन मिळालं, त्यांच्यात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त वेळेचा.

आणि आपल्याकडे वेळ किती लागतो? भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांत झालेला क्रिएट हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २०,९०० रुग्ण होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम कालावधी होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. रुग्णालयात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागलेला मध्यम वेळ होता ५० मिनिटं. तोही कमी व्हायला हवा, मान्य. पण तीनशे साठ आणि पन्नास हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बहुतेक स्नायू दवाखान्याच्या दाराबाहेरच मरतो. सोडा, ओवा, तेल, शेजारच्यांचा सल्ला, गाडीची शोधाशोध आणि "सकाळ होऊ द्या" यात.

पाणी सोडल्यावर फळ तडकतं

आता त्या मुलाच्या प्रश्नाच्या खऱ्या गाभ्याकडे येतो. रक्त परत आलं म्हणजे सगळं आपोआप ठीक व्हायला हवं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण साक्रीकडचे डाळिंबवाले शेतकरी सांगतील की बाग बरेच दिवस कोरडी राहिली आणि मग एकदम भरपूर पाणी सोडलं, तर फळं तडकतात. पाणी हवंच होतं. पण ते ज्या पद्धतीने आलं त्याचाही एक घाव बसतो.

हृदयात असंच काहीसं होतं. ऑक्सिजनशिवाय राहिलेल्या पेशीत तो अचानक परत येतो तेव्हा मायटोकॉन्ड्रियांतून घातक, अतिक्रियाशील ऑक्सिजनचे रेणू एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. त्याच वेळी साचलेली आम्लता धुऊन निघते. मघाशी म्हटलं होतं की या आम्लतेकडे परत येऊ. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात एक झडप असते. ती एकदा पूर्ण उघडली की मायटोकॉन्ड्रिया फुगतो आणि निकामी होतो. आम्लता असेपर्यंत ही झडप बंद राहते. म्हणजे उपासमारीत साचलेलं आम्लच पेशीला सांभाळत होतं. रक्त येतं, आम्ल जातं, आत कॅल्शियम भरलेलं असतंच, आणि झडप उघडते. काही पेशी इतक्या जोरात आखडतात की त्यांचं आवरणच फाटतं. काठावर असलेल्या, कदाचित वाचल्या असत्या अशा पेशी अशा प्रकारे शेवटच्या क्षणी जातात. याला रिपरफ्यूजन इंज्युरी म्हणतात, आपण पुनर्प्रवाहाची इजा म्हणू.

शिवाय मोठी नळी उघडली तरी तिच्या पुढच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या सुजलेल्या असतात, गाठीच्या तुकड्यांनी आणि पेशींनी बुजलेल्या असतात. मेनलाइनला पाणी आहे, पण ड्रिपर चोंदले आहेत. अँजिओग्राफीच्या पडद्यावर मोठी नळी छान वाहताना दिसते, स्नायूपर्यंत मात्र रक्त नीट पोचत नाही. त्या मुलाच्या वडिलांच्या बाबतीत किती नुकसान आठ तासांनी केलं आणि किती या शेवटच्या टप्प्यानं, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण उशीर जितका जास्त तितके हे ड्रिपर जास्त चोंदतात, हे नक्की.

इथे एक गैरसमज लगेच खोडतो, कारण हा भाग वाचून कुणी तो करून घेईल अशी मला भीती आहे. "रक्त परत आल्याने इजा होते, मग न उघडलेलीच बरी" असा याचा अर्थ अजिबात नाही. बंद राहिलेल्या नळीमागचा स्नायू जवळजवळ सगळाच मरतो. उघडल्याने होणारा फायदा या इजेपेक्षा कितीतरी मोठा आहे. ही इजा कमी करणारं औषध सापडावं म्हणून जगभर प्रयत्न झाले. प्राण्यांमध्ये यशस्वी ठरलेलं सायक्लोस्पोरिन २०१५ च्या मोठ्या चाचणीत माणसांमध्ये उपयोगी ठरलं नाही. आजच्या घडीला या इजेवरचा सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे नळी लवकर उघडणं, इतकंच.

मेलेला, सुन्न झालेला आणि सुप्त असलेला स्नायू

पस्तीस टक्के पंपिंगच्या त्या कागदात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि चौथ्या दिवशीच्या इकोत त्या वेगळ्या ओळखणं कठीण असतं.

काही स्नायू खरंच मेलेला असतो. शरीर तो साफ करतं आणि सहा-आठ आठवड्यांत त्या जागी घट्ट व्रण तयार होतो. हृदयाच्या मेलेल्या पेशींच्या जागी नवीन पेशी जवळजवळ येतच नाहीत. पहिल्या आठवड्यात, जुनं साफ होऊन नवा व्रण अजून धरलेला नसताना, ती भिंत सर्वांत कमकुवत असते. म्हणून त्या दिवसांत "बघा, किती बरा झालो" म्हणून जोर करून दाखवायचा नसतो.

काही स्नायू जिवंत असतो पण सुन्न झालेला असतो. रक्त परत आलंय, पेशी शाबूत आहेत, तरी त्या आकुंचन पावत नाहीत. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर उठलं की पाय आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीसं. पायाला दोन मिनिटं लागतात, हृदयाला काही दिवस ते काही आठवडे. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी याला स्टनिंग हे नाव रूढ केलं. म्हणूनच झटक्यानंतर लगेचच्या पंपिंगवर कायमचा निकाल द्यायचा नसतो. छातीत आयसीडी हे यंत्र बसवायचं का, यासारखे मोठे निर्णयही झटक्यानंतर किमान ४० दिवस थांबून, पुन्हा इको करूनच घेतले जातात.

तिसरा प्रकार सुप्त स्नायूचा. उन्हाळ्यात सातपुड्यातला साग पाहिलाय? पानं गाळून उभा असतो, नवख्या माणसाला वाळलेला वाटतो. पाणी कमी आहे म्हणून त्याने खर्च कमी केलेला असतो. ज्यांच्या रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने अरुंद आहेत, त्यांच्या हृदयाचा काही भाग असाच वागतो. मिळणाऱ्या कमी रक्तात जगता यावं म्हणून आकुंचनाचं काम कमी करतो, पेशीतले आकुंचनाचे धागे कमी होतात आणि त्या जागी साखरेचा साठा वाढतो. ही कल्पना १९८० च्या दशकात डॉ. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी ठामपणे मांडली. त्यांचा जन्म मुंबईचा, पुढची कारकीर्द अमेरिकेतली. बायपासनंतर काही रुग्णांचं पंपिंग अपेक्षेपेक्षा सुधारतं, हे पाहून त्यांनी या अवस्थेला हायबरनेटिंग मायोकार्डियम म्हटलं.

पण प्रत्येक सुप्त स्नायू स्टेंट टाकला की जागा होतोच, असं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हाइव्ह्ड या ब्रिटिश अभ्यासात पंपिंग खूप कमी असलेल्या आणि सुप्त स्नायू असलेल्या रुग्णांत औषधं अधिक अँजिओप्लास्टी याचा नुसत्या चांगल्या औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा जुना, स्थिर आजार असेल आणि कुणी "स्नायू झोपलाय, उद्याच जागा करून देतो" म्हणालं, तर घाई न करता दुसरं मत घ्या. ताज्या झटक्यात मात्र दुसरं मत शोधत बसायचं नाही. दोन्हींतला हा फरक कृपया लक्षात ठेवा.

बागेला ताण देतात तसा

लिंबू किंवा डाळिंबाचा बहार धरण्याआधी बाग ताणावर सोडतात. मोजून पाणी तोडायचं, मग सोडायचं. हृदयाच्या बाबतीत असंच काही घडतं, हे १९८६ साली ड्यूकमध्येच मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांना दिसलं. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाचं रक्त आधी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा थांबवलं, प्रत्येक वेळी मध्ये पाच मिनिटं सोडलं, आणि मग सलग ४० मिनिटं बंद ठेवलं. अंदाज असा की एकूण बंद राहिलेला वेळ जास्त, म्हणून नुकसानही जास्त. झालं उलटं. आधी छोटे ताण सोसलेल्या हृदयात मेलेला भाग नेहमीच्या जेमतेम चतुर्थांश होता.

छोट्या ताणात पेशीतून ॲडिनोसिनसारखे पदार्थ बाहेर पडतात आणि पेशीला पुढच्या मोठ्या ताणासाठी सावध करतात. मायटोकॉन्ड्रियाची ती झडप लवकर उघडू नये, अशी तजवीज होते. हे संरक्षण पहिले एक-दोन तास असतं, मग ओसरतं, आणि साधारण दिवसभराने पुन्हा येऊन दोन-तीन दिवस टिकतं. झटक्याच्या आधीच्या चोवीस तासांत ज्यांना थोडं थोडं छातीत दुखलं होतं, त्यांच्या हृदयाचं नुकसान अनेकदा कमी झालेलं दिसतं, त्याचं एक कारण हेच मानलं जातं. मधुमेह आणि वाढतं वय यांत हे संरक्षण कमी पडतं.

दीर्घकाळच्या कमतरतेला शरीराचं उत्तर वेगळं असतं. ऑक्सिजन कमी आहे हे पेशीला कसं कळतं, या शोधासाठी २०१९ चं वैद्यकाचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं. ऑक्सिजन कमी झाला की पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन साचतं आणि ते नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्याचे आदेश देतं. त्याशिवाय जन्मापासून असलेल्या बारीक जोडवाहिन्या वाढलेल्या प्रवाहाने हळूहळू रुंद होतात. मोठा रस्ता बंद पडला की शिवारातली पायवाट गाडीवाट होते, तसंच. रुग्ण याला "नैसर्गिक बायपास" म्हणतात, आणि शब्द वाईट नाही. पण ही वाट तयार व्हायला आठवडे-महिने लागतात. अचानक धरलेल्या गाठीपुढे नव्याने काही करायला तिला वेळच नसतो.

आता व्हॉट्सॲपचा विषय. दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला-सोडला की हृदयाला संरक्षण मिळतं, असा मेसेज मला मागे आला होता. त्याला थोडा आधार होता. दूरच्या अवयवाला ताण दिला तरी हृदय सावध होतं, हे प्राण्यांत दिसलं आहे. म्हणून ५,४०० रुग्णांवर युरोपात मोठी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अँजिओप्लास्टीपूर्वी दंडाचा पट्टा चार वेळा पाच-पाच मिनिटं फुगवला. वर्षभराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमध्ये काहीही फरक नव्हता. छातीत दुखत असताना जोरजोरात खोकत राहा, हा दुसरा मेसेज. त्यालाही घरी करण्याजोगा कसलाच आधार नाही. आणि "मधूनमधून दुखलेलं बरं, हृदय तयार होतं" असा अर्थ तर मुळीच काढू नका. बागेला ताण देणारा शेतकरी पाण्याचा व्हॉल्व्ह हातात धरून उभा असतो. तुमच्या हृदयाचा व्हॉल्व्ह कुणाच्याच हातात नाही. नव्याने सुरू झालेलं, किंवा आधीपेक्षा कमी श्रमात होऊ लागलेलं छातीतलं दुखणं ही त्याच दिवशी ईसीजी काढण्याची गोष्ट आहे.

"डॉक्टर, आधी ऑक्सिजन लावा ना"

कोविडनंतर हा आग्रह फार वाढला. पण अडचण नळीत आहे, हवेत नाही. बोटावरच्या यंत्रावर ९६-९७ दिसत असेल तर रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे, तो पुढे जात नाही इतकंच. स्वीडनमध्ये ६,६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पातळी ९० किंवा त्याहून जास्त असताना ऑक्सिजन दिल्याने वर्षभरातले मृत्यू कमी झाले नाहीत. ९० च्या खाली असेल तर जरूर लावायचा. नाहीतर सिलिंडर शोधण्यात घालवलेली वीस मिनिटं ही स्नायूची वीस मिनिटं असतात.

पारोळ्याहून, रावेरहून, शिरपूरहून

शहरात अँजिओप्लास्टी जवळ असते. तालुक्याच्या गावाचा हिशोब वेगळा. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याची खात्री नसेल, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या सोय असलेल्या रुग्णालयात आधी घ्यायचं आणि मग पुढे जायचं. हल्ली टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकदाच शिरेतून देता येतं. ते दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत देतात, पण खरी ताकद पहिल्या दोन-तीन तासांत. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, तर देता येत नाही. त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना लगेच सांगा. इंजेक्शननंतर सगळं ठीक वाटलं तरी पुढच्या चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. "दुखणं थांबलं, आता घरी नेतो" असं म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

पैशांसाठी थांबू नका. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात धुळे होता. आता तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर आहे आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागदपत्रं नंतर देण्याची सोयही आहे.

छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटं टिकलं तर १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर मागे बसवून आणू नका, आणि स्वतः चालवत तर नकोच. पहिल्या तासातले बरेच मृत्यू हृदयाची लय बिघडून अचानक होतात. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला डॉक्टर सांगतात, पण ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्रावाचा त्रास असेल तर नको, म्हणून फोनवर विचारून घ्या. सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या पाकिटातून घेऊन जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर ते आणखी कोसळतं. मधुमेह असेल तर दुखेलच असं नाही. नुसता घाम, दम, मळमळ, कमालीचा थकवा एवढंच असू शकतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा असा माणूस "ऊन लागलं" म्हणून पन्हं पाजून झोपवला जातो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका मधुमेही आजींना ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा ईसीजी बदललेला होता. त्या वाचल्या, पण तेव्हापासून चाळिशीपुढच्या कुणाचीही पोटाच्या वरच्या भागातली जळजळ मी ईसीजीशिवाय ॲसिडिटी मानत नाही.

भरीत पार्टीवाले काका आठ आठवड्यांनी आले. औषधं नियमित, तंबाखू बंद. इको पुन्हा केला तर पंपिंग बेचाळीस. सुन्न झालेला भाग जागा झाला होता, बाकीचा व्रण झाला होता आणि तो तसाच राहणार. बीटा-ब्लॉकर आणि एसीई इनहिबिटर गटाच्या गोळ्या उरलेलं हृदय फुगून ताणलं जाऊ नये म्हणून आहेत, त्या बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत, हे त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांचा नवा ईसीजी मी मुलाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला लावला. उद्या पुन्हा दुखलं आणि ते दुसऱ्या गावी असले, तर तिथल्या डॉक्टरला जुना बदल कोणता आणि नवा कोणता हे दोन मिनिटांत कळेल. तुमच्या घरी कुणाला झटका येऊन गेला असेल, तर त्यांचा शेवटचा ईसीजी शोधा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये आजच ठेवा.